तळं आटवायच्या दिवसांत

परवा हसनाबादेहून एस.टी.नं परत येत होते. ऐन वैशाखातली दुपार. वाटेत कुठेतरी कुणीतरी तळं आटवायला काढलं असावं, कारण अचानक खिडकीतून तो वास आत आला. उपशाला आलेल्या पाण्याचा, उन्हात उघड्या पडलेल्या काळ्या गाळाचा आणि माशांचा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं पदर नाकाला लावला. पुढच्या माणसानं काच सरकवून घेतली. मी मात्र माझी काच होती त्याहून थोडी जास्त उघडली.

ज्यांनी तळी सांभाळली नाहीत त्यांना हा वास घाण वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही. पण माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं याच वासात गेली. सासरी एका पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आमची जमीन होती. ती कायम ओलसर असायची, कापूस धरायची नाही. शेवटी थोरल्या दिरांनी, त्यांना सगळे दादा म्हणायचे, तिथं तळी खोदली आणि पावसाळ्यात माशांची बोटुकली आणून सोडली. गाव हसलं. जालना जिल्ह्यात प्यायला पाणी नाही आणि हे मासे पिकवायला निघाले, असं पारावर बोललं जायचं. पण मासे वाढले. नव्वदीची मधली वर्षं असतील ती. माझे यजमान जालन्याच्या शाळेत मास्तर होते आणि मी उन्हाळाभर गावी थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली असायची. त्यांचं नाव वत्सला, पण अख्खं घर आणि तळ्यावरची माणसं त्यांना अक्काच म्हणायची.

उन्हाळा तीव्र होत गेला की पाणी आपोआप उतरायचं. उरलेलं मोटारीनं उपसून शेजारच्या मळ्यात सोडायचं, मग ओढजाळं फिरवून मासे गोळा करायचे. हे काम उजाडता उजाडता सुरू व्हायचं, कारण ऊन चढलं की थोड्या पाण्यातले मासे तडफडून मरायचे. जाळ्याचा फास आवळत आला की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. कटल्याच्या पाठी चमकायच्या. माणसं मांडीपर्यंत गाळात, तोंडावर चिखल, आणि मधेच कुणीतरी शिवी हासडायचं, कारण मांगूर माशाचा काटा तळहातात घुसलेला असायचा. तो काटा विंचवासारखा चढतो. हात कोपरापर्यंत सुजायचा. अक्का हळद-चुना लावून द्यायच्या आणि माणूस परत पाण्यात उतरायचा.

आता मागे वळून पाहताना वाटतं, तळ्यावर रोज कुणाला ना कुणाला काही ना काही होत होतं. तळं आटल्यावर गाळावर चुना पेरायचा असायचा. अनवाणी पायांनी पेरणाऱ्यांच्या टाचा फाटून त्यातून रक्त यायचं, आणि वारा फिरला की चुना डोळ्यांत जायचा. गाळात फुटक्या बाटल्या असायच्या. ओल्या बांधावरून घसरून एकाचा खांदा निखळला होता. या कशालाच आम्ही अपघात म्हणत नव्हतो. कामात असं व्हायचंच, असं म्हणायचो. शेतातला माणूस पायात काटा मोडला म्हणून घरी बसत नाही, तसंच हे. जखम ज्याची त्यानं सोसायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर व्हायचं, एवढाच नियम होता.

तळ्यांची राखण दोघा भावांकडे होती, दत्तू आणि काशिनाथ. बांधावरच त्यांची खोपी होती. दत्तू थोरला, बोलका, पाण्यात उतरला की गाणं म्हणणारा. काशिनाथ त्याच्या मागं मागं असायचा, कामाला वाघ, बोलायला मुका. आईबाप लवकर गेल्यामुळे दत्तूनंच त्याला वाढवलं होतं. त्याचं लग्नही दत्तूनंच लावून दिलं. जेवायला बसले तरी काशिनाथ आधी दत्तूच्या ताटाकडे बघायचा आणि मग घास घ्यायचा. दत्तूची बायको गंगू यावरून त्याला चिडवायची.

त्या वर्षी शेवटचं तळं आटवायचं राहिलं होतं. पाणी कमरेइतकं उरलं होतं आणि पाण्यातली मोटार अधूनमधून शेवाळानं तुंबत होती. लाईट जायची-यायची, तिचा नेम नव्हता. म्हणून स्टार्टरच्या बटणात बाभळीची काडी खोचून ठेवायची पद्धत होती. लाईट आली की मोटार आपसूक सुरू व्हावी, माणसाला पळत जायला लागू नये. ही काडी कुणी खोचली असं नंतर पोलिसांनी विचारलं तेव्हा सांगता येईना. दादांनी खोचली असेल, दत्तूनंही खोचली असेल. आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीवर तशी काडी होती.

सकाळची पहिली खेप घेऊन दादा टेम्पोबरोबर जालन्याला गेले होते. जाळं ओढणारी माणसं पलीकडे लिंबाखाली भाकरी खात बसली होती. मी आणि अक्का चहा घेऊन बांधावर आलो होतो. लाईट गेलेली होती. आता दुपारशिवाय येत न्हाई, असं म्हणत दत्तू मोटारीचं शेवाळ काढायला पाण्यात उतरला. काशिनाथ आमच्या जवळच जाळं घडी करत होता. अक्कांनी दत्तूला आधी चहा पिऊन घे म्हटलं, तर तो म्हणाला, हे एवढं काढून आलोच.

त्यानं दोन्ही हातांनी मोटार वर उचलली. मी कपांत चहा ओतत होते. आणि खोपीच्या दारावरचा दिवा लागला. भर उन्हात लागलेला पिवळा दिवा. तो मला आजही जसाच्या तसा दिसतो, कारण उन्हात तो किती निरर्थक दिसतोय असं काहीतरी त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं होतं. मग पाण्यावरची हालचाल थांबली. दत्तू ओरडला नाही. ताठ झाला, मान मागे गेली, आणि तो हळूहळू, जसं कुणी झोपायला आडवं होतं तसा, पाण्यावर कलला. केबलचा चिकटपट्टी लावलेला जोड मोटारीबरोबर वर ओढला जाऊन पाण्यात पडला होता, हे नंतर कळलं.

काशिनाथनं जाळं टाकलं आणि झेप घेतली. पण तो पाण्यापर्यंत पोचला नाही. अक्कांनी त्याला मागून कमरेला मिठी घातली होती. त्या काही धिप्पाड नव्हत्या. पण त्यांनी एक गोष्ट केली. धरल्या धरल्या त्या खाली बसल्या, सगळं वजन टाकून, आणि बांधाच्या दगडाला टाचा लावल्या. काशिनाथचे पाय ओल्या मातीवर सटकले. तो ओरडत होता. त्यानं कोपर मारलं, अक्कांचा ओठ फुटला. तो त्यांच्या मनगटाला चावला. त्या सुटल्या नाहीत.

"मेन पाड," त्या मला म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला असंसुद्धा मला आठवत नाही. "पळ. मेन पाड."

मेनची पेटी पलीकडच्या बांधावर एका खांबाला होती. मी पळाले. चपला कुठे गेल्या कळलं नाही. दांडा गंजलेला होता, दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखं केलं तेव्हा तो खाली आला. खोपीवरचा दिवा विझला. मी ओरडून सांगितलं, आणि अक्कांनी काशिनाथला सोडलं.

त्यानंच दत्तूला बाहेर काढलं. लिंबाखालची माणसं धावत आली. छाती चोळली, तळपाय चोळले, कुणीतरी रस्त्यावरची जीप थांबवली. भोकरदनच्या दवाखान्यात नेलं, पण नेण्यात काही उरलं नव्हतं.

पंचनामा झाला. वीज खात्याचा माणूस येऊन जोड बघून गेला. दादा परत आले ते घरात न शिरता ओट्यावरच बसले आणि दोन दिवस तिथंच बसून होते. पुढे त्यांनी तलावाखालचा जमिनीचा एक तुकडा गंगूच्या नावे करून दिला. गावात मात्र या कशाची चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती अक्कांची. भाऊ पाण्यात मरत होता आणि मालकिणीनं दुसऱ्याला धरून ठेवलं. जाऊ दिलं असतं तर वाचवला असता. बाई दगड काळजाची. पाण्याच्या वाटेवर, गिरणीत, सगळीकडे हे ऐकू यायचं, आणि आम्ही दिसलो की थांबायचं.

मी तेव्हा अक्कांच्या बाजूनं फार बोलले नाही, बोलून उपयोग नव्हता. पण त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उडी घेणाऱ्या माणसासाठी आपल्या बोलीत किती शब्द आहेत. शूर, जिवावर उदार, पाठीराखा. आणि त्याला धरून ठेवणाऱ्यासाठी एकही शब्द नाही. वाचलेला माणूस दिसत नाही ना. तो फक्त जिवंत असतो, रोज जेवतो, कामावर जातो, आणि तुमच्याशी बोलायचं टाळतो. काशिनाथ तसाच झाला होता. अक्का समोरून आल्या की तो बांध उतरून खालून जायचा.

तेरावं झाल्यावर अक्का दत्तूच्या घरी बसायला निघाल्या. घरातल्यांनी नको म्हटलं. त्या निघाल्याच, म्हणून मी बरोबर गेले. गंगू भिंतीला टेकून बसली होती. काशिनाथ उंबऱ्यावर, पाठमोरा. गंगूनं मान वर केली.

"अक्का, एक विचारू का? पाण्यात दादा असते, तर बी धरलं असतं का तुम्ही काशिनाथला?"

"काशिनाथला धरलं असतं," अक्का म्हणाल्या. "पण मी थांबले नसते, गंगू. मी उडी घेतली असती. मला धरायला दुसरं कुणीतरी लागलं असतं."

गंगू रडली नाही. तिनं फक्त अक्कांच्या मनगटावरच्या दातांच्या खुणांकडे बघितलं. काशिनाथ उंबऱ्यावरून उठला आणि बाहेर निघून गेला.

परतताना वाटेत अक्का आपणहून बोलल्या. टेंभुर्णी त्यांचं माहेर. त्या लहान असताना त्यांचा चुलता मळ्यातल्या विहिरीत मोटार काढायला उतरला आणि वर आला नाही. त्याच्या मागं त्याचा मुलगा उतरला. त्या मुलाच्या मागं शेजारच्या मळ्यातला एक माणूस उतरला. "तो तर नात्यातला बी नव्हता," अक्का म्हणाल्या. "काठावर सारं गाव जमलं होतं. समदे ओरडून राह्यले होते, पण धरत कुणीच नव्हतं."

तळी बंद करावीत असं दादांच्या मनात होतं. अक्कांनी ती बंद होऊ दिली नाहीत, पण चालवण्याची रीत बदलली. बटणातल्या काड्या गेल्या. मेनची पेटी तळ्याजवळ, हाताला येईल अशी लावून घेतली. केबल खांबांवरून उंच नेली, तिला जोड लागला तर मोटार बंद. पाण्यात कुणी उतरायचं असलं की अक्का स्वतः जाऊन फ्यूज काढायच्या आणि पदराच्या गाठीत बांधायच्या. माणूस बाहेर येऊन अंग पुसेपर्यंत ती गाठ सुटायची नाही. चुना पेरणाऱ्यांना गमबूट आले, तोंडाला फडकं बांधणं आलं. सुरुवातीला माणसं हसायची. मालकीणबाईनं करंटला पदरात बांधलं, म्हणायची. नंतर हसणं संपलं, कारण सवय झाली. मांगुराचे काटे मात्र टोचतच राहिले, त्यावर त्यांच्याकडेही हळदीशिवाय इलाज नव्हता.

काशिनाथ कामावर राहिला. त्याला दुसरीकडे जाता आलं असतं, पण गेला नाही. रोज सकाळी तो पाण्याच्या काठाशी उभा राहून अक्कांची वाट बघायचा. त्या फ्यूज काढायच्या, गाठ मारायच्या, आणि मग तो उतरायचा. या दोघांमध्ये शब्द नसायचा. कितीतरी सकाळी मी हे बघितलं. त्या बाईवर त्याचा राग होता आणि तिच्या पदराच्या गाठीवर त्याचा विश्वास होता. दोन्ही एकाच माणसात राहू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढे पाऊस लागोपाठ कमी झाला. पाझर तलाव कोरडा पडला आणि तळ्यांच्या जागी तुरी उभ्या राहिल्या. दादा-अक्का जुन्या जालन्यात आमच्याजवळ राहायला आले. गल्लीत पहाटेपासून रिक्षा आणि धान्याच्या पोत्यांची वर्दळ. अक्कांना सुरुवातीला झोप लागायची नाही. काशिनाथ गावीच राहिला. त्याची दोन्ही मुलं मोठी झाली, गंगूची मुलगी सासरी गेली, अशा बातम्या कुणी ना कुणी आणायचं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. गावोगाव शेततळी होऊ लागली होती, प्लास्टिक अंथरलेली. एके दिवशी सकाळी काशिनाथ आमच्या दारात उभा. केस पांढरे झालेले. अक्कांनी त्याला आत बोलावलं. तो खुर्चीवर न बसता भिंतीशी बसला. त्यानं सांगितलं, हसनाबादच्या अलीकडे स्वतःच्या रानात शेततळं केलंय, औंदा मासे सोडायचे हायत. अक्का म्हणाल्या, चांगलं केलंस. मग बराच वेळ तो हातातली टोपी फिरवत राहिला.

"अक्का, एक काम होतं," तो म्हणाला. "मला दोन पोरं हायत. एक पाण्यात गेला तर दुसरा मागं उडी घेणार. मी बी घेणार, मला माहीत हाय. प्लास्टिकवर पाय ठरत न्हाई, गेला तो वर येत न्हाई. घरात आम्हाला धरणारं कुणी न्हाई. माझ्या बायकोला एकदा दाखवा. तुम्ही कसं धरलं होतं ते."

इतक्या वर्षांत त्यानं त्या दिवसाचा उच्चार केला तो हा पहिला. अक्का म्हणाल्या, मी आता म्हातारी झाले, गुडघे वाकत न्हाईत. मग त्यांनी मला विचारलं, बराबर येशील का.

आम्ही गेलो. काळं प्लास्टिक उन्हात आरशासारखं चमकत होतं. तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेले होते, त्यांना जुने टायर बांधलेले. कडेनं तारेचं कुंपण. एका खांबाला लांब वाळलेला बांबू टांगलेला. मेनची पेटी झाकण असलेली, हाताच्या अंतरावर. नवीन घर दाखवावं तसं काशिनाथ एकेक दाखवत होता आणि अक्का प्रत्येक दोर ओढून बघत होत्या. त्याची बायको मीरा पदर सावरून मागं उभी होती. दोन्ही मुलं थोडी लाजून, थोडी हसून बघत होती.

मग काशिनाथ तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. अक्कांनी पदर खोचला, मागून जाऊन त्याच्या कमरेला हात घातले आणि मीराला सांगितलं, हात समोर एकात एक अडकवायचे, मान त्याच्या पाठीला चिकटवायची, म्हणजे कोपर तोंडाला लागत न्हाई. काशिनाथनं दाखवण्यापुरतं एक पाऊल पुढं टाकलं.

आणि मग त्यानं खरोखरचा जोर लावला.

मुलांचं हसणं थांबलं. मीरा पुढे येऊ लागली तिला मी थांबवलं. काशिनाथच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. तो पाण्याकडे ओढत होता, आणि पाण्यात कुणीही नव्हतं. अक्का खाली बसल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, सगळं वजन टाकून. टाचा मातीत रुतल्या. तो काही वेळ तसाच ओढत राहिला आणि मग त्यांच्याबरोबर तोही खाली बसला, पाठमोरा, त्यांच्या हातांच्या कड्यात.

"बघितलं का," अक्का मीराला म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "हे असं. आन मेन पडल्याबिगर सोडायचं न्हाई. त्यानं कितीबी मारलं तरी."

मीरा म्हणाली, बघितलं.

मेन तर आम्ही यायच्या आधीपासूनच पाडलेला होता. तरी अक्कांनी बराच वेळ हात सोडले नाहीत, आणि काशिनाथनं सोडा म्हटलं नाही.